झाकण मिटलं, पण लॅपटॉप झोपला का?

खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या बाईंचा प्रश्न आहे. रात्री दहाला लॅपटॉपचं झाकण मिटतात तेव्हा बॅटरी ८५ टक्के असते, सकाळी सहाला उघडतात तेव्हा ३० च्या आसपास. तळाला हात लावला तर कोमट लागतो. लॅपटॉप तीन वर्षांचा, विंडोज ११. आधी सकाळी पूर्ण संपलेलाच असायचा, म्हणून एका दुकानदारानं साडेतीन हजार घेऊन नवी बॅटरी घातली. त्यानंतर निदान ३० टक्के उरतात, एवढाच फरक. आता तोच दुकानदार मदरबोर्ड बदला म्हणतोय. बदलू का, असं त्या विचारतात.

नको बाई. मदरबोर्ड तर नकोच, आणि बॅटरी तरी बदलायची गरज होती का, याचीच मला शंका आहे. बेळगावात माझा लॅपटॉप दुरुस्तीचा काउंटर आहे. मराठीत तक्रार ऐकायची, कन्नडात पावती करायची आणि इंग्रजीतला एरर वाचायचा, असा आमचा धंदा. ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांच्या मशीनमधलं काहीच गेलेलं नसतं. पाणी चार दिवसांनी येतं अशा गल्लीतल्या माणसाला सांगायला नको, की नळ गळत असेल तर टाकी मोठी करून उपयोग नाही. तुमची टाकी मोठी झाली, नळ तसाच आहे.

आधी हिशेब मांडू. तुमची बॅटरी ४० वॅट-तासांची धरू. रात्रीत ५५ टक्के गेले म्हणजे २२ वॅट-तास. आठ तासांनी भागा, पावणेतीन वॅट येतात. हा आकडा बोलका आहे. जुन्या पद्धतीनं नीट झोपलेला लॅपटॉप साधारण अर्धा वॅट खातो, म्हणजे रात्रभरात चार वॅट-तास, तुमच्या बॅटरीचे दहा टक्के. नव्या पद्धतीचा चांगला लॅपटॉप त्याहून कमीतही भागवतो. पडदा बंद पण आत मशीन जागं असेल तर चार-पाच वॅट सहज जातात. तुमचे पावणेतीन बरोबर मध्ये पडतात. म्हणजे एक तर तो रात्रभर अर्धवट जागा आहे, नाहीतर निम्मी रात्र गाढ झोपतो आणि निम्मी रात्र टक्क जागा असतो. बॅटरी नुसती म्हातारी झाली असती तर दिवसाही टक्के झपाट्यानं उतरले असते, पण मिटलेल्या लॅपटॉपचा तळ सहसा तापला नसता. तळ कोमट आहे म्हणजे आत कोणीतरी काम करतंय.

आता तो झोपत का नाही, ते बघू. विद्यार्थ्याची पाच लक्षणं तुम्ही मुलांना सांगत असालच, काकचेष्टा, बकध्यान, श्वाननिद्रा वगैरे. पूर्वीच्या लॅपटॉपची झोप ही खरी झोप होती. तिला एस-थ्री म्हणतात. प्रोसेसर, डिस्क, वायफाय सगळं बंद, फक्त रॅमला जिवंत ठेवण्यापुरता करंट. विंडोज ८ च्या वेळी, २०१२ साली, मोबाईलसारखी झोप आली आणि विंडोज १० मध्ये तिचं नाव मॉडर्न स्टँडबाय झालं. पडदा बंद, पण मशीन चालूच, फक्त अगदी मंद. मेल आली की घ्यायची, झाकण उघडलं की क्षणात हजर व्हायचं. ही श्वाननिद्रा. अल्पाहार मात्र सगळ्यांना जमत नाही. एखादा ड्रायव्हर, म्हणजे मशीनचा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम, किंवा एखादं सॉफ्टवेअर हट्टाला पेटलं की मंद राहायचं सोडून मशीन रात्रभर टुकूटुकू बघत बसतं. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपमधून एस-थ्री काढूनच टाकलेलं आहे, हेही ध्यानात ठेवा. रजिस्ट्रीत एक आकडा बदलून जुनी झोप परत आणा, असे व्हिडिओ तुम्हाला सापडतील. मशीनच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, सोय नसेल तर त्यानं झोपेचा पर्यायच नाहीसा होतो, किंवा झोपलेलं मशीन उठतच नाही. त्या वाटेला जाऊ नका.

पैसे न घालता करायची पहिली गोष्ट म्हणजे तीन रात्रींचा प्रयोग. वहीचा एक कागद घ्या. प्रत्येक रात्री दहाला चार्जर काढा, माऊसचा डोंगल, पेनड्राइव्ह, जे काही खोचलं असेल ते काढा आणि टक्के लिहा. पहिल्या रात्री लॅपटॉप पूर्ण बंद करा, पण शिफ्ट दाबून धरून शटडाऊनवर क्लिक करा. साध्या शटडाऊनमध्ये विंडोज लवकर सुरू होण्यासाठी स्वतःचा काही भाग डिस्कवर राखून ठेवतं. शिफ्ट दाबलं की ते खरोखरचं बंद होतं. दुसऱ्या रात्री हायबरनेट करा. तो पर्याय दिसत नसेल तर पुढे सांगतो. नुसता मेनूत दिसत नाही म्हणजे तो बंदच आहे, असं मात्र नाही. तिसऱ्या रात्री नेहमीसारखं झाकण मिटून ठेवा. सकाळी सहाला पुन्हा टक्के लिहा.

बंद ठेवून एक-दोन टक्के गेले तर ते लॅपटॉप सुरू व्हायलाच लागले, ते सोडून द्या. हायबरनेटलाही तेवढेच जायला हवेत, कारण त्यात रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून मशीन बंदच होतं. या दोन रात्री ठीक आणि तिसरीला ५० टक्के गेले, तर मदरबोर्ड निर्दोष सुटला. दोष झोपेत आहे, म्हणजे विंडोजमध्ये, ड्रायव्हरमध्ये किंवा एखाद्या सेटिंगमध्ये, आणि तो घरबसल्या सुधारता येतो. पूर्ण बंद ठेवूनही दहा-पंधरा टक्के गेले तर गोष्ट वेगळी, ती शेवटाकडे सांगतो.

आता संगणकालाच विचारू. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, जे येईल त्यावर उजवं क्लिक करून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. काळ्या खिडकीत इंग्रजीत पॉवर लिहा, त्याला चिकटूनच सी-एफ-जी, मग एक मोकळी जागा, मग तिरकी रेघ (/) आणि ए. एंटर. वरच्या यादीत या मशीनला झोपेचे कुठले प्रकार येतात ते दिसेल, खालच्या यादीत कुठले येत नाहीत ते. वर एस-झिरो लो पॉवर आयडल दिसलं तर तुमची श्वाननिद्रा पक्की. पण मला बघायचंय ते हायबरनेट कुठल्या यादीत आहे. खालच्या यादीत असेल आणि त्याच्याखाली हायबरनेशन सुरू केलेलं नाही अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य असेल, तर मला वाटतं चोर सापडला.

कारण सांगतो. ही नवी झोप बेभरवशाची आहे हे विंडोज बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे, म्हणून त्यांनी खाली जाळं बांधून ठेवलंय. झोपेत ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त बॅटरी गेली की विंडोज आपणहून हायबरनेटमध्ये जातं. मग सकाळपर्यंत काही जात नाही. हायबरनेटच बंद असेल तर जाळंही गेलं. आणि ते बंद कोण करतं? आमच्याच धंद्यातले लोक. सी ड्राइव्ह भरला म्हणून गिऱ्हाईक येतं. हायबरनेटसाठी विंडोजनं रॅमच्या साधारण ४० टक्के जागा अडवून ठेवलेली असते, आठ जीबी रॅमला सव्वातीन जीबी. एका ओळीच्या हुकमानं ती मोकळी होते, गिऱ्हाईक खूश. मीही पूर्वी हे केलंय, लपवत नाही. तेव्हाच्या मशीन एस-थ्रीनं नीट झोपायच्या, त्यामुळे कोणाचं बिघडत नव्हतं. आठवून बघा, सी ड्राइव्ह लाल झाला म्हणून कोणाकडे दिला होता का, आणि ही तक्रार त्यानंतरची आहे का.

पुन्हा सुरू करायला त्याच काळ्या खिडकीत तोच पॉवर-सी-एफ-जी, मोकळी जागा, तिरकी रेघ, हायबरनेट, मोकळी जागा, ऑन. काही उत्तर न देता नुसती पुढची ओळ आली म्हणजे काम झालं. मग कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटण काय करतं हे ठरवायची जागा. वर एक निळी ओळ असते, सध्या बदलता न येणारी सेटिंग बदला अशा अर्थाची. तिच्यावर क्लिक केल्याशिवाय खालचे चौकोन उघडत नाहीत, इथेच बरेच जण अडकतात. हायबरनेटला खूण करा आणि सेव्ह करा.

तुम्हाला मी अशी मांडणी सुचवेन. झाकण मिटलं की झोप, कारण एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाताना तो लगेच उठायला हवा. बॅटरीवर असताना ४५ मिनिटांनी हायबरनेट, म्हणजे एक तास संपून दुसरा सुरू होईपर्यंत तो तयार राहील आणि विसरलात तरी रात्री वाचेल. हे पॉवर प्लॅनच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये स्लीपखाली मिळतं. पॉवर बटण दाबलं की थेट हायबरनेट. शाळा सुटल्यावर बसमध्ये चढण्याआधी ते बटण दाबा, दिवा पूर्ण विझला की मगच बॅगेत घाला. उठायला दहा-वीस सेकंद लागतील, तेवढं सोसा. रोज डिस्कवर लिहून एसएसडी झिजेल, असं कोणीतरी सांगेल. रोज सव्वातीन जीबी धरले तर वर्षाला सव्वा टीबीसुद्धा होत नाही. साध्या २५६ जीबीच्या एसएसडीला कंपन्या साधारण १०० टीबीच्या आसपास लिखाणाची हमी देतात. तोवर लॅपटॉपच राहणार नाही.

एवढ्यावर भागतं का, तर बऱ्याचदा भागतं. पण जाळ्यात पडला म्हणून वाचला, आणि मुळात का पडतो ते कळलं नाही, हे मला पटत नाही. म्हणून स्लीप स्टडी काढा. तोच पॉवर-सी-एफ-जी, मोकळी जागा, तिरकी रेघ आणि स्लीपस्टडी हा शब्द एकसंध. रिपोर्टाची फाईल कुठे ठेवली ते तो सांगतो, ती ब्राउझरमध्ये उघडते. गेल्या तीन दिवसांतल्या प्रत्येक झोपेची त्यात एक ओळ असते. कधी मिटला, किती वेळ, किती बॅटरी गेली आणि त्यातला किती टक्के वेळ खऱ्या मंद अवस्थेत होता. वाईट रात्री लाल रंगात येतात. त्या ओळीवर क्लिक केलं की खाली सर्वांत जास्त त्रास देणाऱ्यांची यादी.

मंद अवस्थेचे दोन आकडे असतात, सॉफ्टवेअरचा आणि हार्डवेअरचा. दोन्ही नव्वदच्या वर असतील तर झोप चांगली. सॉफ्टवेअरचाच कमी असेल तर एखादा प्रोग्राम किंवा सर्व्हिस जागी आहे. सॉफ्टवेअरचा नव्वद आणि हार्डवेअरचा दहा, असं दिसलं तर प्रोग्राम सगळे झोपलेत पण एखादं डिव्हाइस चिपला खाली बसू देत नाही. तेव्हा ड्रायव्हर आणि बायोस, म्हणजे मशीनचं फर्मवेअर, लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून नवे घ्यायचे. ड्रायव्हर अपडेट करून देणारी जी फुकटची सॉफ्टवेअर असतात, ती घेऊ नका. ती आली की आणखी एक जण रात्रीचा जागा राहायला येतो.

एक उदाहरण सांगतो. अनगोळचा एक पोरगा बंगळूरला नोकरीला. शुक्रवारी रात्री झाकण मिटून बॅगेत टाकायचा आणि राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडायचा. लोंढ्याला जाग आली की बॅग पाठीशी गरम. बेळगावात उतरल्यावर थेट माझ्याकडे आला. बॅग उघडली तर लॅपटॉप इस्त्रीवरून उतरवल्यासारखा, बॅटरी ९ टक्के. "नुसतं झाकून ठेवलेला की ओ, हातसुद्धा लावला नाही," म्हणाला. रिपोर्ट काढला. त्या रात्रीची ओळ लाल, यादीत पहिला वायफायचा कार्ड. खिशातल्या फोनचा हॉटस्पॉट रात्रभर सुरू. लॅपटॉप बॅगेतून त्याला धरून बसलेला. वाटेत नेट तुटलं की ऑफिसची चॅट पुन्हा जोडायला बघायची, जोडलं की सगळे निरोप ओढायची. शिवाय बॅगेत हवा खेळत नाही, त्यामुळे उष्णता आतच. त्याचं काही बदललं नाही मी. हॉटस्पॉट बंद करायला सांगितलं आणि पॉवर बटणाला हायबरनेट लावून दिलं. चहाचे पैसेही त्यानंच दिले.

तुमच्याकडे वायफाय आहे का ते लिहिलं नाहीत. असेल तर एका रात्री झाकण मिटण्याआधी एअरप्लेन मोड लावा. गळती थांबली तर दोषी नेटवर्क, यापेक्षा सोपी परीक्षा नाही. माऊसचा डोंगल तर काढूनच ठेवत जा. बॅगेत माऊस हलला की काही मशीन जाग्या होतात, आणि एसटी खड्ड्यातून जाते तेव्हा माऊस हलणारच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन, या डिव्हाइसला संगणक उठवू द्या, ही खूणही काढता येते. बायोसमध्ये, लॅपटॉप बंद असताना यूएसबीतून फोन चार्ज करायची सोय काही मॉडेलना असते. लागत नसेल तर बंद करा. झाकणाचा सेन्सर क्वचित फसतो. कडेला चुंबक असतो आणि खाली तो ओळखणारा बारीक सेन्सर, बिजागरी ढिली होऊन झाकण नीट बसलं नाही की मशीनला ते उघडंच वाटतं. अंधारात झाकण मिटून फटीतून बघा, पडद्याचा उजेड दिसतो का.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट, करंट जाण्याची. रात्री चार्जर लावून झाकण मिटलं आणि दोनला करंट गेला, तर मशीन झोपलं होतं चार्जरवरच्या नियमांनी. चार्जरवर वायफाय धरून ठेवायची, हायबरनेट न करायची मुभा असते. करंट गेल्यावर सगळ्याच मशीन लगेच बॅटरीचे नियम पाळतात असं माझ्या काउंटरवर तरी दिसलेलं नाही. म्हणून आधी चार्जर काढायचा, मग झाकण मिटायचं, ही सवय लावा. रात्रभर लावून ठेवायचाच असेल तर चार्जरवरही हायबरनेटची वेळ घालून ठेवा.

आता पूर्ण बंद ठेवूनही बॅटरी जात असेल तर. तेव्हा मात्र विंडोजला दोष देता येत नाही, बोर्डावर कुठेतरी करंट गळतोय किंवा बॅटरीचाच एखादा सेल गेलाय. पावसाळा संपता संपता जांबोटी-कणकुंबीकडून अशा मशीन येतात. महिनोन् महिने ओल, त्यात कपाटात ठेवलेला लॅपटॉप, आणि चार्जिंगच्या जागेजवळ हिरवट बुरशीसारखा गंज. ब्रशनं साफ करून पुष्कळदा भागतं, त्यासाठी अख्खा बोर्ड बदलायचा नसतो. चहा सांडलेला असेल तर लपवू नका, आम्ही उघडल्यावर कळतंच. आणि टचपॅड वर आलाय, किंवा टेबलावर ठेवला की लॅपटॉप डुगडुगतोय असं दिसलं, तर बॅटरी फुगलीय. तेव्हा प्रयोग वगैरे काही नको. बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायला जाऊ नका, सरळ घेऊन या.

इंजिनिअरिंगची पोरं विंडोजऐवजी उबंटू घालून हीच तक्रार करतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. सिसच्या फोल्डरात पॉवर, त्यात मेम-स्लीप नावाची फाईल वाचा. डीप हा शब्द चौकटी कंसात असेल तर मशीन एस-थ्रीनं झोपतंय. एस-टू-आयडल कंसात आणि डीप बाहेर असेल तर बदलून बघता येतं. डीप मुळात यादीतच नसेल तर हायबरनेटशिवाय इलाज नाही, आणि त्यासाठी स्वॅप रॅमइतका तरी ठेवा.

राहिली तुमची नवी बॅटरी. पॉवर-सी-एफ-जी, मोकळी जागा, तिरकी रेघ, बॅटरीरिपोर्ट एकसंध. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे मिळतील. नव्या बॅटरीत ते जवळपास सारखे हवेत. पण स्वस्तातल्या बॅटरीतली चिप काहीही आकडा सांगते, त्यामुळे पूर्ण चार्ज करून, एकच व्हिडिओ लावून, किती वेळ चालते ते घड्याळावर बघा. जुनी बॅटरी दुकानदारानं परत दिली होती का? दिली असेल आणि फुगलेली नसेल तर भंगारात टाकू नका. तीन रात्रींचा कागद घेऊन याल तेव्हा तीही आणा, पंधरा मिनिटांत बसवून दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून बघू. साडेतीन हजारांची नवी टाकी जुनीपेक्षा खरंच किती मोठी आहे, ते तेव्हाच कळेल.